दादूसचे ठोके

"कुनाची गारी हाय ही? कुनी लावली हितं? अंगन काय तुज्या बापाचा हाय?"

सकाळचे सात वाजलेले आणि दादूस असा ओरडत होता की खाडीवरचे बगळे उठले ते पार भिवंडीला जाऊन उतरले. गाडी माझी होती. म्हणजे स्कूटर. जागा दादूसनेच दिलेली, स्वतःच्या हाताने पांढरा पट्टा मारून, आणि मी राहायला आलो तेव्हापासून ती स्कूटर रोज तिथेच उभी असायची. मी तोंडात ब्रश घेऊन तसाच जिना उतरलो.

"दादूस, अहो तुम्हीच सांगितलेलंत ना इथे लाव म्हणून!"

"मी? मी सांगितला? मना येरा समजतस काय?"

एवढं गर्जून त्याने डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे तिरका डोळा टाकला, आणि बाळाला झोपवताना काढतात तसला मऊ आवाज काढून म्हणाला, "मस्त. ठोके बरोबर चढलेत. आता गप नको राहूस, गप राहिलास तर उतरतील. कायतरी उलटा बोल. पायजे तर आयशीवरून बोल."

वरच्या गॅलरीत त्याची म्हातारी आई लसूण सोलत बसलेली. ती मान वर न करता म्हणाली, "माज्यावरून कशाला? सासूवरून बोल म्हनावं."

हा आमचा घरमालक. कोलशेतचा जुना कोळी. बापजाद्यांची होडी होती, आता होडीच्या जागी तीन मजली इमारत होती आणि वरच्या मजल्यावर माझ्यासारखे भाडेकरू. सगळा गाव त्याला दादूस म्हणायचा, म्हणून आम्हीही दादूसच म्हणायचो. देह असा की तो रिक्षात बसला की रिक्षावाला आधी मागच्या टायरकडे आणि मग पुढे लावलेल्या देवाच्या फोटोकडे बघायचा. एकदा नाक्यावरच्या काट्याच्या वजनयंत्रावर चढला, तर काटा अख्खी फेरी मारून पुन्हा शून्यावर येऊन उभा राहिला. दादूस मला म्हणाला, "बगितलास? कायच वजन नाय. लोक उगीच बोलतात."

खोटं वाटत असेल तर यंत्र अजून तिथेच आहे. फक्त चालत नाही.

हे ठोके मोजायचं खूळ त्याला हौसेपोटी लागलेलं नव्हतं. त्याच्या पोटापुढे इज्जतीचा प्रश्न उभा होता.

गावदेवीची पालखी दर चैत्रात निघते. पालखीचा पुढचा दांडा धरायचा मान दादूसच्या घरातल्या थोरल्याचा. पालखी गावभर नाचते, खाडीवर जाऊन होड्यांना भेटून येते, आणि सगळ्यात शेवटी देवळाच्या टेकडीचा चढ लागतो. तो चढ पळत चढायचा. देवी घरी निघाली की तिला वाटेत थांबवायचं नाही, ही तिथली रीत. आदल्या वर्षी नेमका त्याच चढावर दादूसचा दम संपला. दांडा कलला, देवीचा मुकुट तिरका झाला, बायकांनी तोंडावर हात मारले. मग चौघांनी धावत येऊन खांदे लावले म्हणून पालखी वर पोचली.

पुढे पावसाळ्यात गावकी बसली. म्हणजे गावातली म्हातारी मंडळी, ज्यांच्या शब्दापुढे तिथे कुणाचंच चालत नाही. त्यांनी ठरवलं, पुढच्या चैत्रात शेवटची संधी. चढ एका दमात चढला तर मान दादूसचा. थांबला तर तिथून पुढे दांडा धाकट्या भावाच्या खांद्यावर, कायमचा.

त्या दिवशी दादूस जेवला नाही. म्हणजे दोनदाच जेवला.

धाकट्या भावाची वर्तकनगरात जिम होती. अंगाने असा टणक की त्याला डास चावला तर डासालाच दाताच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल. बोलायलाही आता तो आमच्यासारखाच बोलायचा, गिऱ्हाइकांमुळे. गावकी उठली त्याच संध्याकाळी तो आला आणि त्याने दादूसच्या मनगटावर ते घड्याळ बांधलं.

"दादूस, नीट ऐक. एकदम पळायला जाऊ नकोस. पळशील, धापा टाकशील, दुसऱ्या दिवशी झोपून राहशील. चरबी जाळायची तर ठोके मधल्या पट्टीत ठेवायचे. फार खाली नाही, फार वर नाही. त्याला झोन म्हणतात. त्यात रोज पाऊण तास चाललास की चरबी हलेल, दमही वाढेल. वर गेलास की घड्याळ ओरडेल. ओरडलं की थांबायचं, ठोके उतरू द्यायचे, पुन्हा चालायचं. चैत्राला आठ महिने आहेत. होईल."

"आनि झोन कनचा, ता कसा कलाचा?"

"दोनशे वीसमधून वय वजा कर. जे उरेल त्याच्या निम्म्याच्या थोडं वर."

इथेच गाडी पहिल्यांदा अडली. कारण दादूसचं वय किती, यावर त्या घरात एकमत नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर जी तारीख होती ती मास्तरांनी नाव घालताना टाकलेली. गावातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस त्याच तारखेला असतो, केक कापायचा म्हटला तर होडीएवढा लागेल. आईचं म्हणणं दाखला साफ खोटा आहे.

"हा झाला तवा बांद फुटून खारीत पानी शिरलेला," म्हातारी म्हणाली. "शालेत घातला तवा मास्तरनी इचारला, याचा मुलगा कुटं हाय?"

झालं. एकाच छातीत दोन झोन तयार झाले. दाखल्याचा आणि आईचा. दाखल्याच्या वयाने दादूस तरुण, त्याला जास्त ठोके चालायचे. आईच्या वयाने म्हातारा, ठोके कमी. जोशात असला की तो दाखल्याच्या झोनमध्ये चालायचा आणि कंटाळा आला की मधेच कट्ट्यावर बसून म्हणायचा, "आयशीचा झोन भरला."

पण चालणं हा प्रकार फार उशिरा आला. आधी त्याने स्वतःचं डोकं लावलं. त्याचं गणित सरळ होतं. ठोके चढले की चरबी जळते. मग ठोके कशाने का चढेनात! रागाने चढतात, भीतीने चढतात, गार पाण्याने चढतात. पायाला कशाला त्रास द्या?

म्हणून सकाळी माझ्या स्कूटरवर ओरडणं. मग पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडण, तो बिचारा पाणी सोडून निघालेला असायचा आणि दादूस त्याला परत बोलवायचा, "ए, जातस कुटं? अजून धा मिन्टा बाकी हायत!" दुपारी टीव्हीवर भुताचा सिनेमा. सिनेमा बघताना मधेमधे घड्याळ बघायचा आणि भूत यायला उशीर झाला की चिडायचा, चिडला की ठोके चढायचे, की लगेच खूश. एकदा त्याने वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला सांगितलं, मी झोपलो की अंगावर गार पाण्याची बादली ओत. वहिनींनी एकदाही "का" म्हणून विचारलं नाही. उलट नंतर कितीतरी दिवस विचारायच्या, "आज वोतू काय?"

महिनाभर हे चाललं. वजन भरलं ते आधीपेक्षा जास्त. कारण भांडून भांडून त्याला भूक लागायची आणि "येवरी चरबी जालली, आता कायतरी आत गेला पायजे" म्हणून तो तळलेल्या बोंबलांचं ताट संपवायचा. ताटही संपवलं असतं, पण ते स्टीलचं होतं.

शेवटी धाकटा त्याला टेंभी नाक्यावरच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. मला सोबत नेलेलं, कारण रिक्षात दादूसच्या शेजारी उरलेल्या वीतभर जागेत बसू शकेल असा त्या इमारतीत मी एकटाच होतो. दवाखान्यात गर्दी. दादूसला रिकामं बसवेना. त्याने शेजारच्या आजोबांचं मनगट धरलं. आजोबांना वाटलं, ओळखीतला असावा. मग त्यांच्या शेजारच्या बाईंचं. मग एका ताप आलेल्या कॉलेजच्या पोराचं. पाव तासात त्याने सगळा बाकडा तपासला आणि लोकांना जागा बदलायला लावल्या.

"तुमी म्होरं या. तुमचे लय पलतात. आजोबा, तुमी मागं बसा, तुमचे आरामात चाललेत."

"अहो पण माझा नंबर पहिला आहे!" आजोबा तणतणले.

"आता चढले! या म्होरं."

आत गेल्यावर डॉक्टरांनी त्याचं रागाचं गणित शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रागावल्यावर हृदय पळतं, पण पाय कुठे पळतात? काम स्नायूंनी करायला हवं. चरबी कामाला लागते. नुसते ठोके वाढवून काय होणार? गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस दाबली, तर ठाण्याहून कल्याणला पोचाल का?"

"पेट्रोल तर जलतो ना, डाक्टर?"

"तुमचं जळतं त्यापेक्षा जास्त तुम्ही भरता. आणि ते भरलेलं कुठल्या झोनमध्ये जाळायचं हा प्रश्न नंतरचा. आधी बोंबील कमी करा, मग चाला. चालताना बोलता आलं पाहिजे आणि गाता येता कामा नये. एवढं ठेवलंत तरी पुरे. ठोके आपोआप जागेवर राहतील. पण खरं वजन उतरेल ते ताटावर."

दादूसने यातलं नेमकं एकच वाक्य घरी आणलं. गाता येता कामा नये.

दुसऱ्या दिवसापासून खाडीच्या रस्त्यावर आमची वरात सुरू झाली. पुढे दादूस, बाजूला मी. मी बोलायचं, त्याने उत्तर द्यायचं, म्हणजे बोलता येतंय हे सिद्ध. आणि दर थोड्या वेळाने तो गाऊन बघायचा. गाता आलं तर वेग कमी पडतोय. त्यामुळे चालता चालता एकदम, गळ्याच्या शिरा ताणून, लग्नात हळदीला म्हणतात तसली गाणी. कोलशेतच्या मोठमोठ्या सोसायट्यांमधून सकाळी फिरायला आलेले लोक बाजूला व्हायचे. कुत्रे मात्र साथ द्यायचे. गाणं पुरं झालं की दादूस हिरमुसायचा, "अख्खं कडवं झालं रं. जोरात चल." आणि मधेच सूर तुटला की त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावायचा नाही. "तुटला! तुटला! झोन लागला!"

एक बाई रोज समोरून यायच्या, पायात पांढरे बूट, कानात वायर. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे हे काका गाणं शिकतायत का?"

"नाही हो. विसरतायत."

आणि घड्याळ ओरडलं की दादूस थांबायचा. मग जागा कुठलीही असो. रस्ता ओलांडताना मधोमध थांबलाय, दोन्ही बाजूंनी बस हॉर्न देतायत आणि हा छातीवर हात ठेवून ठोके उतरायची वाट बघतोय. गावातल्या एका लग्नात बँडपुढे नाचताना ओरडलं, तर हा हात वर केलेल्या अवस्थेत तसाच पुतळा. मागच्या नाचणाऱ्यांना वाटलं नवीन काहीतरी आहे, त्यांनीही हात वर करून धरले. नवरदेव घोड्यावर ताटकळलेला.

वहिनींनी दरम्यान बोंबलांचं ताट सरळ बंद केलं. तांदळाच्या भाकऱ्या चारच्या दोन झाल्या. दादूस आईकडे तक्रार घेऊन गेला.

"आये, ही मना उपाशी मारतंय!"

"मारू दे," म्हातारी म्हणाली. "दांडा गेला तर मी मारीन."

दिवाळीनंतर शर्टाची बटणं लागायला लागली. पुढे-पुढे तो जिना चढून माझ्या दारात यायचा आणि धाप न लागता "भाडा?" म्हणायचा. आधी तो खालूनच ओरडायचा, म्हणून माझ्या दृष्टीने ही प्रगती वाईट होती. पण चैत्र जवळ आला तसा तो आतून खचायला लागला. एका सकाळी चालता चालता गाणं नाही, बोलणं नाही. मी विचारलं, काय झालं?

"हलू चाल, हलू चाल, हेच सांगतंय तो आट मयनं. टेकरीवर हलू चालून कसा होनार? पलायचा हाय तिथं." मग खाडीकडे तोंड करून म्हणाला, "दांडा कुनाला भेटनार, मी थांबलो तर?"

तो म्हणत होता ते माझ्याही डोक्यात येऊन गेलेलं. सख्खा भाऊ खरा, पण घड्याळ त्याचं, झोन त्याचा, आणि दादूस थांबला तर दांडाही त्याचाच.

"बाबाच्या खांद्याला घट्टा होता दांड्याचा," दादूस म्हणाला. "माज्या पन हाय. त्याच्या नाय अजून." आणि घड्याळ ओरडलं नव्हतं तरी तो थांबला.

पालखीच्या दिवशी मी आणि वहिनी चढाच्या मध्यावर उभे होतो. खालून बँड वाजत येत होता, गुलाल असा उडत होता की माझा पांढरा शर्ट पुढे दोन वर्षं गुलाबी म्हणून वापरला. नऊवारी नेसलेल्या बायका, टोप्या घातलेले बाप्ये, आणि सगळ्यांच्या पुढे, उजव्या खांद्यावर दांडा घेतलेला दादूस. गावकीचे म्हातारे काठ्या टेकून चढाच्या कडेला एका ओळीत बसलेले, निवडणुकीच्या निरीक्षकांसारखे. धाकटा पालखीच्या शेजारून चालत होता. त्याच्या खांद्यावर जाड टॉवेलची घडी होती. ती कशासाठी आहे ते सगळ्यांना कळत होतं. दांड्याखाली घेतात ती.

चढ लागला. बँड वेगात गेला. दादूस पळायला लागला आणि देवाशपथ सांगतो, तो माणूस पळताना टेकडी थोडी खाली झाली. पाव चढ, निम्मा चढ, आमच्या समोरून गेला तेव्हा वाऱ्याने वहिनींचा पदर उडाला. आमच्यापुढे दहाबारा पावलं गेला.

आणि घड्याळ ओरडलं.

दादूस थांबला.

सात महिने पायांना एकच शिकवलेलं, ओरडलं की थांबायचं. पाय बिचारे शिकल्यासारखे वागले. बँड थांबला. अख्खा गाव थांबला. खालच्या खाडीचं पाणीसुद्धा तेवढ्यापुरतं थांबलं असावं.

"अरे, मी दमलो नाय!" दादूस ओरडला, एका श्वासात, स्वच्छ. "बगा, बोलतंय मी! गाऊ काय? घड्याल वराडला म्हनून थांबलो!"

"थांबला तो थांबला," गावकीतला एक म्हातारा काठी आपटत उठला. "धाकट्या, खांदा लाव."

वहिनींनी माझा दंड असा धरला की ती पाच बोटं मला अजून हवा बदलली की जाणवतात. धाकटा टॉवेल घेऊन पुढे झाला. दादूसने त्याच्याकडे बघितलं आणि दांडा सोडला नाही, उलट दोन्ही हातांनी घट्ट धरला. चेहरा असा की मी खाली बघितलं.

तेवढ्यात चढाच्या पायथ्यापासून, जिथे तिला खुर्ची टाकून बसवलेलं, तिथून दादूसच्या आईचा आवाज आला. त्या आवाजाने भरसमुद्रातल्या होड्या परत बोलावल्यात असं म्हणतात.

"थांबला कुटं? पाय बगा त्याचे! नाचतंय तो! देवीला नाचवायला कधीपासून बंदी झाली?"

सगळ्यांनी पायांकडे बघितलं. दादूसनेही बघितलं. मग त्याने एक पाय उचलला. मग दुसरा. दांड्यासकट तो जागच्या जागी नाचायला लागला. मागचे तिघे गोंधळले, पण खांद्यावर पालखी असताना पुढचा नाचला की मागच्यालाही नाचावंच लागतं. बँडवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि वाजवायला सुरुवात केली. म्हातारे काठ्या धरून चर्चेला बसले, नाच आणि थांबणं यात फरक किती यावर.

धाकटा दादूसच्या अगदी जवळ गेला. त्याने हात पुढे केला, आणि दांड्याला नाही, भावाच्या मनगटाला लावला. घड्याळाचा पट्टा सोडवला. टॉवेलची घडी भावाच्या खांद्यावर दांड्याखाली सरकवली.

"आता पळ," तो म्हणाला. "पाहिजे तेवढा वर जा."

घड्याळ त्याने माझ्याकडे फेकलं. कुठे ठेवायचं म्हणून मी ते हातात चढवलं, तर ते जे किंचाळायला लागलं! मी एका जागी उभा होतो, पाऊलही हललं नव्हतं, आणि माझे ठोके दादूसच्या दोन्ही झोनांच्या वर.

दादूस पळाला. बाकीचा चढ त्याने कसा चढला ते मी बघितलं असं म्हणणार नाही, कारण गुलालात फक्त पालखीचं टोक दिसत होतं आणि ते विमानासारखं वर जात होतं. मागचे तिघे दांड्याला लटकून गेले असावेत असा माझा अंदाज आहे. वरून घंटा ऐकू आली तेव्हा खालच्या म्हाताऱ्यांची चर्चा मिटली. काठी आपटणाऱ्याने जाहीर केलं, "नाचला. दांडा त्याचाच." आणि वर असंही म्हणाला की मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

आम्ही वर पोचलो तेव्हा पालखी जागेवर होती, मुकुट सरळ होता आणि दादूस देवळाच्या ओट्यावर आडवा पसरलेला, होडी ओढून वाळूत टाकावी तसा. छाती वरखाली होत होती. धाकटा त्याला टॉवेलने वारा घालत होता. दादूसला बोलता येत नव्हतं, गाण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने रिकामं मनगट चाचपलं, डोळे मोठे केले आणि हात बायकोपुढे धरला.

वहिनी बाजूला बसल्या. त्यांनी ते मनगट हातात घेतलं, अंगठा दाबला आणि आभाळाकडे बघत बसल्या. बराच वेळ. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"किती?" दादूसच्या घशातून कसाबसा शब्द निघाला. "किती हायत, गो?"

"हायत," वहिनी म्हणाल्या.